मारलं नाही तर ऐकतील का?

१. 'आम्ही नाही का मार खाल्ला?'

सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोला तालुक्यात कुठल्याही गावात पालकांची बैठक घ्या. मुलांना मारू नका, हे वाक्य पुरतं व्हायच्या आत मागून आवाज येतो, "आम्ही नाही का मार खाल्ला? काय वाईट झालं आमचं?" सगळे हसतात. बोलणारा पाहुणा शहरातून आलेला असेल तर गडबडतो आणि कायद्याची कलमं सांगायला लागतो. तिथेच बैठक हातची जाते.

खरं तर हा प्रश्न प्रामाणिक आहे आणि त्याला कलमाने उत्तर देता येत नाही. विचारणाऱ्याला उलट विचारावं, "दादा, शाळा कितवीत सोडली? आणि का?" बऱ्याचदा उत्तर येतं, "सातवीत. गणिताचे मास्तर लय मारायचे." म्हणजे काहीतरी झालं होतं. मार आणि शाळा सुटणं यांचा संबंध त्याने स्वतःच जोडलेला नसतो, एवढंच. शिवाय जे बैठकीला येऊन बसले ते तगलेले असतात. बापाच्या माराला कंटाळून जो पंधराव्या वर्षी रेल्वेत बसून गेला, तो मागच्या रांगेत हात वर करायला येत नाही.

कुणीतरी 'श्यामची आई' काढतंच. श्याम पोहायला घाबरला तेव्हा आईने शिमटी घेतलीच ना? घेतली. पण साने गुरुजींनी बेचाळीस रात्री सांगितलेल्या गोष्टींत शिमटीची गोष्ट थोडकीच आहे. बाकीच्या रात्री आई समजावते, सोबत कामं करते, स्वतः वागून दाखवते, आणि मारल्यावर तिचेच डोळे भरून येतात. श्याम घडला तो या बाकीच्या रात्रींमुळे. आपण मात्र शिमटी तेवढी लक्षात ठेवली.

आता थोडी आकडेवारी. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2007 साली बालअत्याचारांवरचा देशातला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. 13 राज्यांतल्या 12,447 मुलांना त्यात प्रश्न विचारले होते आणि महाराष्ट्र त्या राज्यांत होता. दर तीन मुलांमागे दोघांनी शारीरिक मार सोसला होता. घरात मार बसलेल्या मुलांना मारणारे बहुतेक वेळा आई-वडीलच होते. मुली जास्त मार खातात असा आपला समज, पण मार खाणाऱ्यांत मुलगे किंचित अधिक निघाले.

आणि मारून मूल सुधारतं का? एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर या अमेरिकी संशोधकांनी पाच दशकांतल्या अभ्यासांचे निष्कर्ष 2016 साली एकत्र तपासले. त्या अभ्यासांतली मुलं दीड लाखाहून जास्त होती. चापट्या खाणारी मुलं अधिक आज्ञाधारक झाल्याचं त्यांना दिसलं नाही. ती अधिक हट्टी, अधिक मारकुटी आणि मनाने अधिक दुबळी असल्याचं दिसलं. चापट मारली की मूल थांबतं, हे खरंच आहे. ते तेवढ्यापुरतं थांबतं आणि पुढच्या वेळी आपली पाठ वळायची वाट बघतं.

२. अत्याचार कशाकशाला म्हणायचं?

अत्याचार म्हटलं की वर्तमानपत्रातली भयंकर बातमी डोळ्यांसमोर येते. जाणकार मात्र त्याचे चार प्रकार धरतात. मारहाण हा पहिला. दुसरा मनावरचा घाव. "तू जन्मालाच आली नसतीस तर बरं झालं असतं" हे वाक्य कुठे वळ उठवत नाही, पण मुलीला ते पन्नाशीतही शब्दन् शब्द आठवतं. तिसरा लैंगिक अत्याचार, त्याचा वेगळा विचार पुढे येईल. चौथा प्रकार हेळसांड. त्याच्याजवळ जरा थांबू, कारण या तालुक्यात तो वाईट माणसांमुळे कमी आणि परिस्थितीमुळे जास्त घडतो.

सांगोला हा माणदेशाचा भाग. पाऊस कमी, माण नदी बहुतेक वर्ष कोरडी. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन जाणारी कुटुंबं साखर कारखान्याच्या उसाच्या फडावर जातात ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मेंढपाळ कळप घेऊन बाहेर पडतात. 2018-19 च्या दुष्काळात तालुक्यात गावोगाव चारा छावण्या उघडल्या आणि घरातलं एक-दोन माणूस जनावरांबरोबर छावणीतच मुक्कामाला गेलं. अशा वेळी पोरं आजी-आजोबांकडे राहतात, नाहीतर दहा वर्षांची ताई चार वर्षांच्या भावाला सांभाळते. आजीला मोतीबिंदू, आजोबांना ऐकू कमी. मूल तापाने फणफणलं तर दवाखान्यात कोण नेणार? मुलगी शाळेतून आली की नाही, कुणाबरोबर आली, हे कुणाच्या लक्षात राहणार?

या आई-वडिलांना दोष देऊन काही हाती लागत नाही. पण हेळसांड झाली की बाकीच्या तीन प्रकारांना वाट मिळते, म्हणून तिचं नाव घ्यायला हवं. बालविवाहही पुष्कळदा इथूनच सुरू होतो. "मोठी झालीय, एकटी कशी ठेवायची, उजवून टाकू," हा फडावर निघालेल्या बापाचा हिशेब असतो. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विशीतल्या, म्हणजे 20 ते 24 वयाच्या, स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात 22 टक्क्यांच्या आसपास होतं. सोलापूर जिल्ह्यात ते 40 टक्क्यांच्या घरात होतं.

३. डाळिंबाला ताण देतात, पण कधी?

"थोडी झळ सोसली पाहिजे, त्याशिवाय पोर कणखर कसं होणार?" हा पुढचा प्रश्न. सांगोल्यात त्याचं उत्तर डाळिंबाच्या बागेतच आहे.

बहार धरायच्या आधी बागेचं पाणी तोडतात. पानं पिवळी पडतात, गळतात. मग छाटणी, खत आणि पुन्हा बेताने पाणी. झाड फुलांनी लगडतं. पण हा ताण मोजून दिलेला असतो, त्याला शेवट असतो आणि शेवटी पाणी मिळणार हे ठरलेलं असतं. नव्या लागवडीला तर पहिली दोन वर्षं कुणी ताण देत नाही. कुणी वर्षभर पाणी तोडलं आणि वर म्हणाला की झाड कणखर करतोय, तर गाव त्याला वेड्यात काढेल.

मुलाचंही असंच. शाळेचा पहिला दिवस, कबड्डीतली हार, विहिरीत पहिली उडी हे सगळे ताणच आहेत. छाती धडधडते, मग जवळचं माणूस पाठीवर हात ठेवतं आणि धडधड उतरते. त्यातून मूल तयार होतं. पण ज्या माणसाने पाठीवर हात ठेवायचा त्याचीच भीती असेल तर? मग शरीर कायम सावध राहतं. धोक्याच्या वेळी अंगात 'कॉर्टिसॉल' नावाचं द्रव्य वाढतं. पळायला, झुंजायला ते उपयोगी. ते महिनोन्‌महिने चढलेलंच राहिलं की झोप, पचन, स्मरणशक्ती सगळ्यावर परिणाम होतो. दार वाजलं की दचकणाऱ्या पोराला सतराचा पाढा पाठ होत नाही, यात त्याच्या हुशारीचा दोष नसतो.

विन्सेंट फेलिट्टी आणि रॉबर्ट अँडा या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या सॅन दिएगोमध्ये सतरा हजार प्रौढांना त्यांच्या बालपणाबद्दल विचारलं आणि 1998 पासून निष्कर्ष मांडले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, घरातली दारू, आईला होणारी मारझोड असे अनुभव जितके जास्त, तितकं पुढे व्यसनाचं, नैराश्याचं, आत्महत्येच्या प्रयत्नाचं प्रमाण जास्त निघालं. हृदयविकाराचंसुद्धा. वाचून धसका घेऊ नका. असं बालपण गेलेला प्रत्येक जण आजारी पडतो, असा त्याचा अर्थ होत नाही. भरवशाचं एक मोठं माणूस जवळ असलं तरी पुष्कळ सावरतं, हेही अशाच अभ्यासांतून दिसलं आहे. ते माणूस आत्या असू शकते, शाळेतल्या बाई असू शकतात, शेजारची आजी असू शकते.

४. हात का उचलला जातो?

आता मारणाऱ्याच्या बाजूने बघू. समजा, महूदच्या बाजूला गावापासून दोन किलोमीटरवर एक वस्ती आहे. संध्याकाळचे सात. शेतीची वीज रात्रीची, म्हणून नवरा मोटारीकडे. म्हशीची धार काढून किटली डेअरीवर पोचवायची आहे आणि संकलन बंद व्हायला थोडाच वेळ उरलाय. चुलीवर भाकरी. सासूबाईंची गोळी द्यायची राहिलीय. तान्हं रडतंय. तेवढ्यात पाच वर्षांचा पोरगा पळत येतो आणि किटलीला धक्का लागून अर्धं दूध सांडतं.

चापट बसते ती कुणावर? बाईचा सकाळी पाचपासूनचा दिवस त्या पोराच्या गालावर उतरतो. तिला कुणी 'क्रूर' म्हटलं तर ते खोटं होईल, आणि पोराला लागलंच नाही म्हटलं तर तेही खोटं होईल.

मारामागे दुष्टपणापेक्षा थकवा, कर्ज आणि एकटेपणा जास्त असतो. तेल्या रोगाने बाग काढावी लागली, त्या वर्षी घरातला आवाज वाढतो. त्यात दारू आली की हिशेबच संपला. आणि वस्तीचं घर असल्याने एक गोष्ट आणखी घडते. गावठाणात भिंतीला भिंत असते. पोर जास्त रडलं तर शेजारची काकी आत येते, "अगं, किती मारशील?" म्हणून पोराला उचलून नेते. तिला कुणी नेमलेलं नसतं, पण बालसंरक्षणाचं निम्मं काम पिढ्यान्‌पिढ्या अशा काकींनीच केलं. वस्तीवर ही काकी नाही. तिथे रडणं ऐकायला फक्त ज्वारीचं रान असतं.

म्हणून मला वाटतं, भिंतीवर 'मुलांना मारू नका' रंगवून काही होणार नाही. त्या बाईला दोन गोष्टी हव्यात. चापटीऐवजी काय करायचं ते कुणीतरी करून दाखवायला हवं, आणि काकीच्या जागी कुणीतरी दारात यायला हवं.

५. चापटीऐवजी काय?

आधी सांडलेलं दूध. अपघात आणि चूक यांत फरक करायचा. पोराने मुद्दाम सांडलेलं नाही, म्हणजे शिक्षेचा प्रश्नच नाही. "फडकं आण, दोघं पुसू." नुकसान झालंय हे लपवायचं नाही. "आज डेअरीचे पैसे कमी येतील" हे पाच वर्षांच्या मुलालाही कळतं. पुसताना त्याला जे समजतं ते गालावर पाच बोटं उठल्यावर समजत नाही, कारण तेव्हा त्याचं सगळं लक्ष गालाकडे असतं.

आता थोडं अवघड. सहा वर्षांचा मुलगा आजोबांचा मोबाइल सोडत नाही. आपण काय करतो? आतून ओरडतो, "ठेव तो मोबाइल!" चार वेळा ओरडतो. पाचव्यांदा येऊन हिसकावतो आणि एक ठेवून देतो. यातून मुलगा शिकतो काय? पहिल्या चार हाका फुकट असतात, पाचवी खरी. तो आपल्या जागी बरोबरच आहे.

याऐवजी जवळ जायचं. खांद्यावर हात ठेवायचा. काय करू नको ते सांगण्यापेक्षा काय करायचं ते एकदाच, शांतपणे सांगायचं. "हा व्हिडिओ संपला की मोबाइल आज्जीकडे द्यायचा. मग आपण करडांना पाला टाकायला जाऊ." आणि थांबायचं. दिला, तर तिथल्या तिथे म्हणायचं, "एका हाकेत दिलास, छान केलंस." नुसतं 'शहाणा माझा' म्हणून चालत नाही. काय छान केलं ते सांगितलं तर तेच पुन्हा घडतं. नाही दिला, तर न ओरडता काढून घ्यायचा आणि उद्याही मिळणार नाही असं सांगायचं. भाषण नको, टोमणा नको. उद्या खरंच द्यायचा नाही.

पहिले काही दिवस रडणं वाढेल. इथे बहुतेक घरं हरतात. चौथ्या दिवशी आजोबा कळवळून म्हणतात, "घे रे बाबा," आणि पोराला कळतं की अजून थोडं लांबवलं की मिळतं. म्हणून नियम करताना आजी-आजोबांना आधी बरोबर घ्यायचं. आई एक सांगते आणि आजी दुसरंच, असं असेल तर जगातलं कुठलंही तंत्र चालत नाही.

या सगळ्याच्या तळाशी एकच गोष्ट आहे. मुलाच्या ज्या वागण्याकडे आपलं लक्ष जातं, ते वागणं वाढतं. शांतपणे खेळणाऱ्या पोराकडे आपण ढुंकूनही बघत नाही, त्याने भांडं आपटलं की धावत येतो. मग तो भांडं आपटणार नाही तर काय करणार? दिवसातून दहा मिनिटं, हातात फोन नाही, काम नाही, मूल जे खेळेल ते आपण खेळायचं. बापांनीही. धार काढताना पोराला शेजारी बसवून त्याची बडबड ऐकली तरी ती दहा मिनिटं धरावीत.

आणि आपला राग? तो येणारच. हात शिवशिवला की अंगणात जायचं, घटाघटा पाणी प्यायचं. तान्हं मूल तासभर रडत असेल तर त्याला सुरक्षित जागी निजवून चार मिनिटं बाहेर यावं. पण रागाने त्याला कधीही गदगदा हलवू नये. तान्ह्याची मान कच्ची असते. तशा हिसक्याने मेंदूत रक्तस्राव होऊन मूल दगावू शकतं किंवा जन्माचं अधू होऊ शकतं. हे अनेक सुशिक्षित घरांतही ठाऊक नसतं.

कुणी म्हणेल, ही परदेशी फॅडं आहेत. पण बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं आणि 1926 साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मुलाला छडीशिवाय, मान देऊन शिकवायचं, हे त्या तेव्हापासून मराठी आईबापांना सांगत होत्या. 1945 साली त्या बोर्डीला खेड्यात गेल्या, पुढे कोसबाडला, आणि अनुताई वाघ त्यांच्या बरोबर होत्या. मूल शाळेत येत नाही तर शाळाच त्याच्या अंगणात न्यायची, ही कल्पना तिथली. अंगणवाडी आली ती तिथून. 1975 पासून सरकारने ती टप्प्याटप्प्याने देशभर नेली, पण खिचडी आणि वजनकाट्याच्या गडबडीत पालकांशी बोलण्याचा भाग मागे पडला.

६. दारापर्यंत कोण जातं?

1977 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या एल्मायरा या गावात डेव्हिड ओल्ड्‌स यांनी एक साधा प्रयोग सुरू केला. पहिलटकरणींच्या घरी, त्यातही गरीब, कमी वयाच्या किंवा एकट्या बायकांकडे, नर्स जाऊ लागली. गरोदरपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत. ती बाळाबद्दल बोलायची, आईचं ऐकायची. पंधरा वर्षांनी पाहिलं तर त्या घरांत मुलांवरच्या अत्याचाराच्या आणि हेळसांडीच्या नोंदी, नर्स न गेलेल्या घरांच्या मानाने, निम्म्याच्या आसपास होत्या. पण ज्या घरांत नवरा बायकोला वारंवार मारत होता, तिथे हा फायदा दिसेनासा झाला. आईच मार खात असेल तर तिला संगोपनाचे धडे देऊन उपयोग नाही, आधी तिचा मार थांबवावा लागतो.

आपल्याकडे नर्सच्या जागी आशाताई आहेत. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्यांनी घरी जायचं असतं. मग तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्यापर्यंत दर तीन महिन्यांनी एकदा. म्हणजे मूल सव्वा वर्षाचं होईपर्यंत अकरा वेळा एक ओळखीची बाई त्या वस्तीवर जाते. पिशवीत थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ. वजन घेते, ताप बघते, वहीत लिहिते. निघताना तिने फक्त एवढं विचारायचं आहे, "वहिनी, रात्री झोप होती का तुमची? लय रडलं की काय करता?"

हा प्रश्न उंबऱ्यावर उभं राहून विचारला तर "काही नाही, बरंय सगळं" असं उत्तर येतं. बाळाला मांडीवर घेऊन, सासूबाईंनाही बोलण्यात ओढून विचारला तर खरं उत्तर येतं. आशाताई बहुधा त्याच गावची सून असते, म्हणून तिला घरातलं सांगतात आणि म्हणूनच कधी सांगत नाहीत, कारण गोष्ट गावभर होईल ही धास्ती. ऐकलेलं पोटात ठेवणं हे तिच्या कामाचं पहिलं कौशल्य, आणि ते कुठल्या तक्त्यात मोजलं जात नाही. वर तिच्यावर आधीच इतक्या नोंदींचं ओझं आहे की आणखी एक काम सांगताना आपल्यालाच लाज वाटावी. द्यायचंच असेल तर मानधनासह द्यावं.

तालुक्यात हे काम अगदीच अनोळखी नाही. डॉ. संजीवनी केळकर यांच्या पुढाकाराने उभं राहिलेलं माता बालक उत्कर्ष प्रतिष्ठान सांगोल्यात वर्षानुवर्षं बायका आणि मुलांसाठी काम करत आलं आहे. आई सावरली तर मूल सावरतं, ही गोष्ट त्या नावातच लिहिलेली आहे.

पुरुषांपर्यंत पोचायचं कसं, हा खरा पेच. पालक मेळावा म्हटलं की आयाच येतात. स्वीडनने 1979 साली, जगात सर्वांत आधी, घरातही मुलांना मारायला कायद्याने बंदी केली. त्या कायद्यात शिक्षेची तरतूदच नव्हती. पण सरकारने घरोघरी पत्रकं पाठवली आणि दुधाच्या खोक्यांवर दोन महिने हा मजकूर छापला, म्हणजे सकाळी न्याहारीला बसलेलं घर तेच वाचणार. आपल्याकडे बाप सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर रांगेत उभा असतो, रविवारी सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खिलार बैलाचे दात बघत असतो. बोलायचं तर तिथे, पाच मिनिटं, आणि त्याच्यासारख्याच शेतकऱ्याने. सभागृहातल्या बॅनरपेक्षा ते स्वस्त पडेल.

कागदावर प्रत्येक गावात ग्राम बाल संरक्षण समिती आहे. सरपंच अध्यक्ष, अंगणवाडी सेविका सचिव, पोलीस पाटील, शिक्षक वगैरे सदस्य. अनेक गावांत ती फक्त इतिवृत्ताच्या वहीत भेटते. पण तिला एक काम उत्तम जमण्यासारखं आहे. दिवाळीआधी, कोण फडावर निघालंय आणि पोरं कुणाकडे राहतायत याची यादी करायची, आणि एकेका घरी आठवड्यातून एकदा कोण डोकावणार ते ठरवायचं. एक पालक गेलेला असेल किंवा मूल पोरकं असेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून महिन्याला 2,250 रुपये मिळू शकतात. तो अर्ज भरून देणं हासुद्धा अत्याचार रोखण्याचाच भाग आहे.

७. धोका वस्तीबाहेरून येतो का?

"अनोळखी माणसाशी बोलू नको" एवढंच आपण मुलांना शिकवतो. लैंगिक अत्याचाराच्या नोंदलेल्या गुन्ह्यांत मात्र शंभरातले नव्वदहून अधिक आरोपी मुलाच्या ओळखीचे असतात. नातलग, शेजारी, शिकवणीवाला, वाहनचालक. 2007 च्या अभ्यासात निम्म्याहून जास्त मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. मुलगेही त्यात होते. बहुतेकांनी तो कुणालाच सांगितला नव्हता.

का नाही सांगितला? सांगायला शब्द नव्हते, हे एक. चार वर्षांच्या मुलाला नाक-कान-डोळे शिकवताना खालच्या अवयवांनाही साधं नाव द्यावं. आंघोळ घालताना आईने आणि तपासताना आईसमोर डॉक्टरांनी, एवढं सोडून तिथे कुणी हात लावायचा नाही, आणि आपल्यालाही कुणी हात लावायला सांगितलं तर निघून यायचं, हे रस्ता ओलांडण्याच्या नियमाइतक्या सहज सांगावं. दुसरं कारण आपण स्वतः घडवतो. "जा, मामांना पापी दे" म्हणून आक्रसलेल्या पोराला पुढे ढकलतो. मोठ्यांना नाही म्हणायचं नसतं, हा धडा तेव्हाच पक्का होतो. नमस्कार करू दे, पापी त्याच्या मर्जीवर सोडा.

तिसरं कारण गुपित. त्रास देणारा म्हणतो, "आपल्या दोघांचं हं, आईला सांगितलंस तर ती मारेल." ज्या घरात आई खरोखरच मारते तिथे ही धमकी चालते. मार आणि लैंगिक अत्याचार यांचा धागा इथे जुळतो. सांडलेल्या दुधासाठी मार खाल्लेलं पोर ही गोष्ट घेऊन आईकडे येईल कसं?

८. मुलाने सांगितलं तर?

समजा, नात आज्जीच्या पदराशी खेळता खेळता म्हणते, "आज्जी, मी नाही जाणार त्या काकांच्या घरी." अशा वेळी "काहीतरीच काय!" हे शब्द गिळायचे. हातातलं काम खाली ठेवायचं आणि विचारायचं, "का गं? काय झालं?" मग ऐकायचं. मध्येच "कधी, किती वेळा, तू ओरडली का नाहीस" अशी उलटतपासणी करायची नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, तुझी काही चूक नाही" असं म्हणायचं. कुणाला सांगणार नाही, असं वचन मात्र द्यायचं नाही, कारण सांगावं लागणार आहे.

मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्यात अठरा वर्षांखालचं प्रत्येक मूल येतं, मुलगा असो वा मुलगी. गुन्हा झाल्याचं कळलं, किंवा होण्याची भीती वाटली, तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणं हाच गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, मग संशय पुढे खोटा ठरला तरी. ठाण्यात जायचं धैर्य होत नसेल तर 1098 या क्रमांकावर फोन करावा. 1996 साली मुंबईत सुरू झालेली ही मदतवाहिनी आता सरकार चालवतं, ती दिवसरात्र चालू असते आणि फोन फुकट लागतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या ठिकाणी घ्यायचा, शक्यतो महिला उपनिरीक्षकाने, साध्या वेषात. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. पोलिसांनी चोवीस तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. मुलाचं नाव, फोटो, शाळा उघड करणं गुन्हा आहे, आणि गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणंही त्यातच आलं.

गाव बऱ्याचदा "मिटवून टाका" म्हणतं. भावकी बसते, रक्कम ठरते, कधी मुलीचं लग्न लावायचं ठरतं. हा गुन्हा तडजोडीने मिटत नाही. तसं मिटवणारे स्वतः अडचणीत येऊ शकतात आणि गुन्हा करणारा मोकाट राहतो तो पुढच्या घरासाठी.

खरी दमछाक पुढे असते. बालकल्याण समिती सोलापूरला, म्हणजे सांगोल्यापासून ऐंशीएक किलोमीटर. मग दवाखाना, मग कोर्टाच्या तारखा. प्रत्येक फेरीला आईची मजुरी बुडते, एसटीचं भाडं लागतं, धाकट्याला शेजारी ठेवावं लागतं. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर घरं खचतात आणि साक्ष फिरते. ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के वाटा महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचा असतो. तो शिलाई मशीन आणि डस्टबिन वाटण्यात संपतो. त्यातून अशा घराच्या फेऱ्यांचं भाडं आणि सोबत जाणाऱ्या बाईची मजुरी देता येईल का, हा प्रश्न येत्या ग्रामसभेत विचारायला काही हरकत नाही, आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावायला तर मुळीच नाही.